पोपडे आणि पाठ : एका रंगाऱ्याच्या कादंबरीचा इतिहास

१

इंग्रजी कादंबरीत खाणकामगार आहेत, गिरण्यांतल्या बायका आहेत, शेतमजूर आहेत, मोलकरणी तर असंख्य आहेत. घरे रंगवणारा रंगारी मात्र तिच्यात फारसा आढळत नाही. याचे कारण बहुधा त्याच्या कामाच्या स्वरूपातच असावे. खाणीतून कोळसा निघतो, मागावरून कापड उतरते. रंगाऱ्याच्या हातून जे निघते ते मुळात आवरण असते. काम उत्तम झाले तर आवरणाखालची मेहनत कोणाला दिसत नाही; आणि काम वाईट झाले तर तेही दोन-तीन वर्षे कोणाला कळत नाही. कळते तेव्हा रंगारी दुसऱ्याच कुठल्या तरी शिडीवर उभा असतो.

या उपेक्षेला असलेला ठळक अपवाद म्हणजे १९१४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेली ‘द रॅग्ड-ट्राउझर्ड फिलॅन्थ्रॉपिस्ट्स’ ही कादंबरी. शीर्षकाचा ढोबळ अर्थ ‘फाटक्या विजारींतले परोपकारी’. आपले श्रम मालकांना जवळजवळ दान करून टाकणारे, आणि वर त्या व्यवस्थेचेच समर्थन करणारे कामगार, हे ते परोपकारी. लेखकाचे खरे नाव रॉबर्ट नूनन. टोपणनाव रॉबर्ट ट्रेसेल. हे टोपणनाव रंगाऱ्यांच्या घोडीवरून, म्हणजे ज्या लाकडी ठोकळ्यावर फळी टाकून ते काम करतात त्या ‘ट्रेसल’वरून घेतलेले आहे. नूनन स्वतः रंगारी आणि पाट्या रंगवणारा कारागीर होता. कादंबरी छापून आली तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती.

या कादंबरीची चर्चा बहुतेक वेळा समाजवादी वाङ्मयाच्या इतिहासात होते, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र ती एका अगदी मर्यादित अंगाने पाहावयाची आहे. घरातल्या लाकूडकामाचे, म्हणजे दारे, खिडक्यांच्या चौकटी, जिन्याचे कठडे, भिंतीच्या पायथ्याच्या पट्ट्या यांचे, जुन्या रंगाचे पोपडे सुटू लागले की ते पुन्हा कसे रंगवावे, हा या कादंबरीतला रोजचा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण त्या एका प्रश्नात मजुरीचा दर, कामाची नीती आणि शरीराचे आरोग्य या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या होत्या. आणि योगायोग असा, की ट्रेसेलच्या मृत्यूनंतर त्याच्या हस्तलिखितावरही नेमका हाच प्रयोग झाला: आधी वरून रंग चढवला गेला आणि चाळीस वर्षांनी तो खरवडून काढावा लागला.

२

प्रथम त्या कामाविषयी थोडे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधला घरगुती रंग म्हणजे प्रामुख्याने जवसाच्या तेलात खललेला सफेदा. सफेदा हा शिशाचा क्षार. तो पातळ करायला टर्पेंटाइन वापरीत. जवसाचे तेल ‘वाळते’ असे आपण म्हणतो, पण पाणी वाळते तसे ते वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि त्याचा घट्ट, लवचीक असा पापुद्रा तयार होतो. ही प्रक्रिया पापुद्रा तयार झाल्यावर थांबत नाही. वर्षानुवर्षे ती संथपणे चालू राहते आणि पापुद्रा दिवसेंदिवस ठिसूळ होत जातो.

त्याखालचे लाकूड मात्र ठिसूळ होत नाही. ते हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते. वरचा थर ताठ, खालचे लाकूड हलते: अशा स्थितीत भेगा पडणे अपरिहार्य असते. भेगांतून ओल शिरली की रंगाची लाकडावरची पकड सुटते आणि पोपडे उभे राहतात. जुन्या घरात एकावर एक पाच-सहा हात चढलेले असतील तर थर जाड होतो आणि ताण आणखी वाढतो.

अशा लाकडावर सरळ नवा रंग लावला तर काय होते? पहिले काही महिने काहीच होत नाही. काम सुंदर दिसते. पण नवा रंग वाळताना आकसतो आणि खालच्या सैल पोपड्यांना स्वतःबरोबर ओढतो. नव्या रंगाने लाकूड धरलेलेच नसते. त्याने धरलेला असतो जुना पोपडा. तो सुटला की दोघेही गळून पडतात. म्हणून जाणत्या रंगाऱ्याची पद्धत वेगळी असे. आधी सोड्याच्या पाण्याने धूर आणि तेलकटपणा धुऊन काढायचा. सुटलेला रंग खरवडायचा. फारच बिघडलेला असेल तर दिव्याच्या ज्योतीने मऊ करून पत्त्याने मुळापासून उतरवायचा. उघड्या पडलेल्या लाकडातल्या गाठींतून राळ पाझरू नये म्हणून त्यांवर लाखेचे द्रावण लावायचे. (ही लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जात असे.) मग अस्तराचा हात, त्यानंतर खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेली पुट्टी, आपल्याकडचे रंगारी जिला ‘लांबी’ म्हणतात ती, भोकांत आणि चिरांत भरायची, वाळल्यावर घासायची, आणि त्यानंतरच रंगाचे हात द्यायचे.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. तिच्यातले जवळजवळ सगळे काम शेवटच्या हाताखाली झाकले जाते. गिऱ्हाईक ज्याचे पैसे देते ते चकाकणारे पृष्ठ हा कामाचा सर्वांत सोपा भाग. वेळ खाणारा, कौशल्याचा आणि टिकाऊपणा ठरवणारा भाग अदृश्य असतो. अदृश्य श्रमाचे मोल कोण आणि कसे ठरवणार, हाच तर ट्रेसेलच्या कादंबरीचा विषय आहे.

३

कादंबरीचे स्थळ मग्सबरो हे कल्पित गाव. ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज या शहरावर बेतलेले आहे, जिथे नूनन १९०१-०२ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतून येऊन राहिला. ‘द केव्ह’ नावाचे एक मोठे जुने घर गावच्या महापौराने घेतले आहे. रश्टन कंपनीकडे त्याच्या दुरुस्तीचे आणि रंगकामाचे कंत्राट आहे. सुतार, गवंडी, रंगारी मिळून पंचवीसेक माणसे तिथे राबतात. महापौराचे नाव स्वेटर, म्हणजे घाम काढणारा. देखरेख करणाऱ्या हंटरला कामगारांनी ‘मिझरी’ असे नाव ठेवले आहे. तो चोरपावलांनी घरात शिरतो, दारामागे उभा राहून ऐकतो आणि कोण हात आखडता घेतो आहे हे पाहत फिरतो.

इथे दोन माणसांच्या नशिबाकडे लक्ष द्यावे. जॅक लिंडन हा म्हातारा रंगारी. काम चालू असताना पाइप ओढताना सापडला या कारणाने त्याला काढून टाकले जाते. खरे कारण असे, की न्यूमन नावाचा एक गरजू माणूस त्याच दिवशी तासाला अर्धा पेनी कमी घेऊन काम करायला तयार झालेला आहे. वाचकाला वाटते, हे स्पर्धेचे नेहमीचे गणित. पण पुढे न्यूमनलाही काढले जाते, आणि त्याचा अपराध असा की तो फार नीट काम करतो. चिरा भरतो, घासतो, ज्यावर रंग लावायचा ते पृष्ठ आधी रंग लावण्याजोगे करतो. आळशी कामगाराला शिक्षा होते हे आपण समजू शकतो; पण इथे कसबी कामगाराला त्याच्या कसबाबद्दल शिक्षा होते. स्वस्त मजूर मिळवून झाला. आता स्वस्त मजुराने वाईट कामही केले पाहिजे.

ट्रेसेलचे मोठेपण असे की तो या प्रसंगावर नुसता संताप करून थांबत नाही. त्यामागची यंत्रणा उलगडून दाखवतो. गावातल्या कंपन्या एकमेकींशी चढाओढ करून कंत्राटे घेतात, आणि प्रत्येकीची बोली इतकी खाली असते की ठरलेले काम ठरल्याप्रमाणे करून नफा उरणेच शक्य नसते. नफा तेव्हाच उरतो जेव्हा करारात तीन हात लिहून दोनच द्यावेत, खरवडायचे तिथे फडके मारावे, चिरा भरायच्या तिथे घट्ट रंगाने बुजवाव्यात. म्हणजे फसवणूक हा एखाद्या लबाड मालकाचा दुर्गुण राहत नाही. तो व्यवसायाचा पाया होतो. आणि ही फसवणूक प्रत्यक्षात हातांनी करायची असते कामगाराने. मालक गिऱ्हाइकाला फसवतो, पण कुंचला धरलेला हात कामगाराचा असतो. आपण वाईट काम करतो आहोत हे त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असते.

फ्रँक ओवेन या नायकाला हेच सर्वांत जास्त बोचते. महापौराच्या घरातली एक खोली मूरिश शैलीत सजवण्याचे काम त्याच्याकडे येते, तेव्हा तो रात्री घरी बसून आराखडे काढतो, त्या जादा श्रमांचा पुरता मोबदला न मिळता. कारण अनेक महिन्यांत प्रथमच त्याला चांगले काम करण्याची परवानगी मिळालेली असते. समाजवादी ओवेन महापौराच्या बैठकीसाठी जीव ओतून काम करतो, यात काही टीकाकारांना विसंगती दिसेल. मला मात्र कादंबरीची सर्वांत खोल जाण तिथेच दिसते. वेतन कमी मिळणे हे दुःख आहेच. पण ज्या कामात आपले कसब आहे ते काम बिघडवण्यासाठी आपल्याला राबवले जाणे, हे त्याहून निराळे आणि अधिक अपमानाचे दुःख आहे.

पुढे कुजक्या दोरामुळे शिडी कोसळून फिलपॉट हा सर्वांचा लाडका रंगारी मरतो. दोर, लांबी आणि रंगाचा तिसरा हात या सगळ्या एकाच हिशेबातल्या बाबी आहेत. वरून दिसत नाही ते वगळायचे.

४

या कादंबरीत रंगाऱ्याचा मुख्य शत्रू वेळ आहे. घड्याळ त्याच्या पाठीशी लागलेले आहे. पण त्याच काळात त्याचा एक दुसरा शत्रू रंगाच्या डब्यातच बसलेला होता. खरवडणे आणि घासणे हे चांगल्या कामाचे लक्षण म्हटले. परंतु सफेद्याचा जुना थर कोरडा घासला की शिशाची धूळ उडते. ती श्वासात जाते, हातांवरून भाकरीवर जाते. पोटात असह्य कळा येणे, मनगट लुळे पडून हात खाली लोंबणे, हिरड्यांवर निळसर रेघ उमटणे ही रंगाऱ्यांची जुनी लक्षणे. फ्रेंच वैद्य तांकरेल दे प्लांश याने १८३९ मध्ये शिशाच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. पॅरिसच्या शारिते रुग्णालयातले बाराशेहून अधिक रुग्ण त्याने अभ्यासले होते. म्हणजे ट्रेसेलची माणसे ‘द केव्ह’मध्ये काम करत होती त्याच्या साठेक वर्षे आधीच हे ज्ञान छापील रूपात उपलब्ध होते.

पर्यायही उपलब्ध होता. पॅरिसमधला रंगकामाचा कंत्राटदार झाँ लेक्लेर याने १८४० च्या दशकात सफेद्याऐवजी जस्ताचा पांढरा रंग वापरात आणण्याचा पाठपुरावा केला, तो आपल्या कामगारांना होणारे विकार पाहून. याच लेक्लेरने १८४२ पासून नफ्यातला वाटा कामगारांना द्यायला सुरुवात केली. आर्थिक विचारांच्या इतिहासात त्याचे नाव नफावाटपासाठी घेतले जाते आणि रंगांच्या इतिहासात जस्तासाठी. हे दोन लेक्लेर वेगळे नाहीत. कामगाराच्या शरीराची किंमत मोजणाऱ्यालाच त्याच्या श्रमाचीही किंमत मोजावीशी वाटली.

फ्रान्सने १९०९ मध्ये इमारतींच्या रंगकामात सफेदा वापरण्यावर बंदी घालणारा कायदा केला. तो १९१५ पासून लागू व्हायचा होता. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या जिनिव्हा अधिवेशनात सफेद्याविषयीचा करार झाला. संपूर्ण बंदीची मागणी तिथे टिकली नाही. तडजोड होऊन बंदी मुख्यतः घरांच्या आतल्या रंगकामापुरती राहिली, आणि कोरड्या घासकामातून उडणाऱ्या धुळीला आळा घालण्याची तरतूद झाली. ब्रिटनने १९२६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, त्याचा भर बंदीपेक्षा नियमनावर होता. एक तांत्रिक योगायोग असा, की पाण्यात भिजवून वापरता येणारा घासकागद अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने बाजारात आणला तोही १९२१ मध्येच. घासायचे पण धूळ उडू द्यायची नाही, या साध्या युक्तीला तोवर वाट पाहावी लागली.

अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. याचा अर्थ असा की आपल्याही जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या चौकटींवर, आजच्या निर्धोक थरांखाली, कालचे थर असू शकतात. ते कोरडे खरवडणारा रंगारी आजही तोंडाला फडके बांधून काम करतो, आणि फडक्याने शिसे अडत नाही. सुटलेला रंग ओला करून काढावा, राडारोडा गोळा करून लहान मुलांपासून दूर न्यावा, ओल्या फडक्याने जमीन पुसावी, ही काळजी घेण्यासाठी लागतो तो पुन्हा वेळच. ‘मिझरी’चे घड्याळ अजून थांबलेले नाही.

५

आता हस्तलिखिताकडे वळू. नूननचा जन्म १८७० मध्ये डब्लिनचा. दक्षिण आफ्रिकेत काही वर्षे काढून तो मुलीसह हेस्टिंग्जला आला. दिवसा रंगकाम करून उरलेल्या वेळात, साधारण १९०६ ते १९१० या काळात, त्याने ही कादंबरी लिहिली. सुमारे सोळाशे हस्तलिखित पाने, अडीच लाखांच्या आसपास शब्द. तीन प्रकाशकांनी ती नाकारली. निराश होऊन तो ती जाळायला निघाला होता. मुलगी कॅथलीन हिने ती वाचवली आणि पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली. कॅनडाला जाण्याच्या इराद्याने नूनन लिव्हरपूलला गेला आणि तिथेच ३ फेब्रुवारी १९११ रोजी रुग्णालयात क्षयाने वारला. त्याला निराधारांच्या सामायिक कबरीत पुरले. ती जागा सापडायला पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली.

कॅथलीन लंडनमध्ये एका घरी मुले सांभाळण्याच्या नोकरीत होती. त्या घराच्या परिचयातून हस्तलिखित जेसी पोप या लेखिकेच्या हाती गेले, तिने ते ग्रँट रिचर्ड्स या प्रकाशकाला दाखवले, आणि त्याने सर्व हक्क २५ पौंडांना विकत घेतले. हाच रिचर्ड्स त्याच वर्षी, १९१४ मध्ये, जॉइसचे ‘डब्लिनर्स’ही प्रसिद्ध करतो. जेसी पोप म्हणजे तीच, जिची महायुद्धातली भरतीची पद्ये पुढे गाजली आणि जिला उद्देशून विल्फ्रेड ओवेनने आपल्या एका प्रसिद्ध युद्धविरोधी कवितेच्या खर्ड्यावर अर्पणाची ओळ लिहिली. साहित्याचा इतिहास असे विचित्र शेजार जमवतो.

पोप हिने संपादन केले. पुनरुक्ती कमी झाली, व्याख्यानवजा प्रकरणे छाटली गेली, समाजवादाचा युक्तिवाद बराचसा गेला. सर्वांत मोठा बदल शेवटात झाला. मूळ कादंबरी सहकारी समाजाच्या आशेवर संपते. पोपच्या आवृत्तीत आजारी ओवेनच्या मनात येणारे, स्वतःचा आणि कुटुंबाचा शेवट करण्याचे विचार पुस्तकाच्या अखेरीस आले. जे पात्राचे एका रात्रीचे मनोगत होते ते कादंबरीचे निष्कर्षवाक्य झाले. लेखकाचे नावही ‘ट्रेसॉल’ असे चुकीचे छापले गेले. १९१८ मध्ये आणखी काटछाट करून स्वस्त आवृत्ती निघाली, आणि पुढे कित्येक वर्षे हीच कादंबरी म्हणून वाचली गेली. १९४० मधल्या पेंग्विनच्या आवृत्तीचा पाठही संक्षिप्तच होता.

इथे रंगकामाची उपमा सहज सुचते. पण ती जपून वापरली पाहिजे. पोपने केले ते निव्वळ झाकणे होते काय? रंगाचा एक गुण विसरू नये: तो लाकडाचे रक्षणही करतो. अनोळखी, मृत, कामगार लेखकाचे सोळाशे पानांचे हस्तलिखित १९१४ मध्ये जसेच्या तसे छापले गेले असते असे मानायला आधार नाही. तीन प्रकाशकांचा नकार समोर आहे. पोपने ते छापण्याजोगे केले म्हणून ते पेटीत कुजले नाही, कामगारांच्या हातोहात फिरले. ॲलन सिलिटोने लिहून ठेवले आहे की मलायात सैन्यात असताना, एकोणिसाव्या वर्षी, त्याच्या हाती ही कादंबरी पडली, आणि देणाऱ्याने सांगितले होते की १९४५ ची निवडणूक मजूर पक्षाला या पुस्तकाने जिंकून दिली. तेव्हा वाचकांपर्यंत पोचलेले पुस्तक संक्षिप्त होते, हे लक्षात घेतले पाहिजे. झाकलेल्या पाठानेही काम केले.

तरीही प्रश्न उरतोच. नवा हात सुंदर दिसतो. त्याने खाली काय धरलेले आहे? आशेवर संपणारे पुस्तक निराशेवर संपवले तर त्यातल्या मधल्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ बदलतो. न्यूमनचे काढून टाकले जाणे, फिलपॉटचा मृत्यू हे मूळ पाठात एका युक्तिवादाचे पुरावे आहेत. संक्षिप्त पाठात ते केवळ करुण प्रसंग होतात. गरिबाच्या दुःखाबद्दल हळहळ वाटणे आणि त्या दुःखाचे कारण कळणे, यांत जे अंतर आहे तेच या दोन पाठांत आहे.

६

हा थर उतरवण्याचे काम केले फ्रेड बॉल या हेस्टिंग्जच्याच कामगार-लेखकाने. त्याने ट्रेसेलची माहिती गोळा करून १९५१ मध्ये चरित्र लिहिले, दुसऱ्या महायुद्धानंतर मूळ हस्तलिखिताचा माग काढून ते मित्रांच्या मदतीने विकत घेतले, आणि काटलेली, हलवलेली, डागडुजी केलेली पाने पुन्हा मूळ क्रमात लावली. १९५५ मध्ये लॉरेन्स अँड विशार्ट या संस्थेने संपूर्ण पाठ प्रसिद्ध केला. लेखकाच्या नावाचे स्पेलिंग तेव्हा कुठे सुधारले. हस्तलिखित पुढे ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसच्या संग्रहात गेले.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना बॉलचे काम आदर्श वाटेल, आणि बऱ्याच अंशी ते आहेही. पण खरवडण्यालाही इतिहास आहे, आणि तो निर्दोष नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या जुन्या चर्चांचा ‘जीर्णोद्धार’ करताना वास्तुविशारद भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून ‘मूळ’ दगड उघडे करीत, आणि त्यात शतकांचे थर नाहीसे होत. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला गमतीने ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे ‘खरवडविरोधी’, असे म्हणत. हाच मॉरिस १८८३ मध्ये ज्या समाजवादी संघटनेत गेला आणि १८८४ च्या अखेरीच्या फुटीत जिच्यातून बाहेर पडला, तिच्याच हेस्टिंग्ज शाखेत वीसेक वर्षांनी नूनन काम करू लागला. एकाने खरवडण्याविरुद्ध संस्था काढली, दुसऱ्याने न खरवडण्याविरुद्ध कादंबरी लिहिली. दोघांचे म्हणणे मुळात एकच होते: हातातल्या वस्तूचा मान राखा. चर्चच्या गिलाव्यात तो मान थर राखण्यात होता, ‘द केव्ह’च्या चौकटींत तो सुटलेला थर काढण्यात.

आजचे वास्तुसंवर्धक याला एक व्यवहार्य उत्तर देतात. जुन्या लाकडावरच्या रंगाचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आडवा पाहिला की सगळे थर क्रमाने दिसतात. कुठला थर केव्हाचा याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या घरी अशाच तपासणीतून कळले की पुढच्या काळात शिष्टसंमत मानल्या गेलेल्या फिकट रंगांऐवजी तिथे भडक हिरवा आणि निळा होता. म्हणून संवर्धकांचा नियम असा: सुटलेले काढावे, धरून असलेले ठेवावे, आणि कुठेतरी कोपऱ्यात सर्व थरांचा एक पट्टा पुढच्यांसाठी अस्पर्श सोडावा.

पाठाच्या बाबतीतही याहून वेगळा नियम सुचत नाही. १९५५ चा पाठ वाचावा. पण १९१४ चा फेकून देऊ नये. चाळीस वर्षे वाचकांनी ज्या पुस्तकावर प्रेम केले ते पुस्तकही इतिहासाचा एक थर आहे. संपादनाचे विद्यार्थी दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचतील तर संपादकाची कात्री अर्थ कसा घडवते याचा याहून चांगला धडा त्यांना क्वचितच मिळेल.

७

नूननने रंगवलेल्या भिंती, दारे, चौकटी यांचे काय झाले? त्यांतल्या बहुतेकांवर केव्हाच दुसरे हात चढले असतील. रंगाऱ्याच्या कामाची ती नियतीच आहे. हेस्टिंग्जच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये त्याने केलेली भित्तिसजावट मात्र काही काळ टिकली. ते चर्च १९७० मध्ये पाडले गेले. पाडण्यापूर्वी सजावटीचा एक भाग वाचवण्यात आला. तो हेस्टिंग्जच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर इतरांची घरे रंगवली त्याच्या कुंचल्याचे जतन झालेले काम एवढेच. उरलेली सगळी साक्ष हस्तलिखितात आहे. शेवटच्या हाताखाली जे कायमचे झाकले जाते ते, म्हणजे खरवडणे, घासणे, चिरा भरणे आणि हे सगळे नीट करू पाहणाऱ्याला मिळालेली शिक्षा, त्याने लिहून ठेवले. इतिहासकाराला घरांच्या चौकटी त्याविषयी काही सांगत नाहीत. हिशेबाच्या वह्या तर उलटच सांगतात: तीन हात दिले, तीन हातांचे पैसे मिळाले. दोनच हात दिले होते हे सांगायला तिथे एका लिहिणाऱ्या रंगाऱ्याची गरज होती.